मधला फेज आधी

सिन्नरजवळच्या एका शीतगृहाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा जोड सैल होऊन तापून लाल झाला होता. तो आवळायचा तर ट्रान्सफॉर्मर बंद करणं भाग होतं. मी लाईनवरची तंत्रज्ञ. सोबत माझ्याहून पंधरा वर्षं जुने वायरमन काका.

आत द्राक्षं भरलेली. यंत्रं बंद व्हायची ती पॅनलच्या खोलीतून, आणि त्या खोलीची किल्ली खिशात घालून ऑपरेटर नाशिक रोडला गेलेला.

"खांबावरूनच ओढा ना मॅडम," मॅनेजर म्हणाला. "तीनच तर फ्यूज हायेत. एकेक करून."

"यंत्रांचा लोड चालू असताना नाही ओढणार."

काका हसले. "मी शंभरदा ओढलेत, ताई. घाबरतेस?"

"हो, घाबरते. अकरा हजार व्होल्ट आहेत."

उमेदवारीत मी एकदा पाहिलं होतं. लोडवर फ्यूज ओढला, तशी ज्योत लांबत शेजारच्या फेजला भिडली. ओढणारा पुढे महिनाभर हाताला पट्टी बांधून हजेरी लावत होता.

मॅनेजरने आमच्या साहेबांना फोन लावून माझ्या हातात दिला.

"अगं, ओढून टाक. किती वेळ?"

"साहेब, लोड चालू असताना ओढ, एवढं लिहून पाठवा. लगेच ओढते."

फोन कट झाला. मेसेज काही आला नाही.

काकांसाठी खुर्ची आली. मी फ्यूज ओढायची काठी मांडीवर आडवी घेऊन दगडावर बसले. दीड तास. कुणी चहाही विचारला नाही.

ऑपरेटर आला. यंत्रं थांबली, मेन स्विच खाली आला. तो मी स्वतः जाऊन पाहिला. मग हातमोजे, हेल्मेट. आधी मधला फेज, म्हणजे उरलेल्या दोघांत अंतर पडतं. मग वारा जिकडे वाहत होता त्या कडेचा. वाऱ्याच्या तोंडावरचा शेवटी. प्रत्येक वेळी नखाएवढी ठिणगी, बस्स. तपासलं, अर्थिंग केलं, जोड आवळला. चालू करताना क्रम उलटा, मधला सगळ्यात शेवटी.

द्राक्षांना काही झालं नाही. मला मात्र उशिराबद्दल लेखी खुलासा मागितला गेला. मी लिहिलं: "लोड बंद होईपर्यंत फ्यूज काढला नाही. यापुढेही काढणार नाही."

"शेवटचं वाक्य खोड," साहेब म्हणाले.

"नाही, साहेब," म्हटलं आणि त्याच्याखाली सही केली.