वाईट फोटो मागणारा मेस्त

मेस्ताला चांगला फोटो दिला की तो तोंड वाकडं करायचा. गोव्यात मूर्तिकाराला मेस्त म्हणतात; डिचोलीच्या बाजारात आमच्या दोघांच्या चित्रशाळा, म्हणजे मूर्तींचे कारखाने, समोरासमोर. चतुर्थीला गणपती, एरवी अर्धपुतळे. कुणी गेलेल्या वडिलांचा स्टुडिओतला, कोट घातलेला फोटो पुढे केला की म्हणायचा, "बरो फोटो नाका माका. वायट आसात ते हाडा." मग लोक पत्र्याच्या डब्यातून लग्नातले, जत्रेतले, मान वळलेले, जांभई देताना सापडलेले फोटो आणायचे. ते तो दोरीला टांगायचा आणि मातीचा गोळा फिरवत बसायचा. मी मुंबईहून डिप्लोमा घेऊन आलेला. मला हा पोरखेळ वाटायचा. खरं सांगायचं तर जळफळाट व्हायचा, कारण गिऱ्हाइकं त्याच्याकडे जायची.

फोटो बघून झाले की घरच्यांना प्रश्न. "हांसतना कसो दिसतालो? राग आयलो काय कितें करतालो?" बायका सांगता सांगता रडायच्या, मध्येच हसायच्या, आणि मेस्ताचे हात चालत राहायचे. गप्पा मारून कुठे पुतळा होतो का, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे.

गोवा घटकराज्य झालं तशी गावोगावच्या शाळांना आपल्या जुन्या गुरुजींची आठवण झाली. साखळी गावाजवळच्या एका शाळेचं काम डिप्लोमा बघून मला मिळालं. मेस्ताची जिरवायची संधी आयती चालून आली होती. गुरुजींचा भिंतीवरचा फोटो समोर ठेवून, कॅलिपरने मापं घेत मी महिनाभर राबलो. त्यांच्या पत्नी बघायला आल्या. पुतळ्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "फोटो बरो जाला." बस्स, एवढंच.

त्या गेल्यावर मेस्त रस्ता ओलांडून आला. पुतळ्याकडे न बघता त्याने फोटो उचलला. "बोल्स पळय," म्हणाला. गुरुजींच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता! स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उलटी धरून फोटो छापला होता. भांग, नाकाचा कल, वर उचललेली भुवई, सगळंच मी उलट्या अंगाला घडवून बसलो होतो. मेस्ताने हे कुणाला सांगितलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

गुरुजींच्या पत्नींनी शाळेला सांगून काम त्याच्याकडे नेलं. त्याने केलेला पुतळा बघताच त्यांनी पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, "आयलात?" मी माझ्या दारातून ऐकलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या हातच्या एखाद्या चेहऱ्याशी कुणी असं बोलावं, एवढीच हाव पुढे उरली.

मेस्त गेला तो अचानक. पुतळ्यासाठी त्याच्या पत्नी, आमच्या वहिनी, माझ्याकडे आल्या. जन्मभर लोकांचे फोटो मागणाऱ्याच्या घरात त्याचा स्वतःचा एकच निघाला, मतदार कार्डावरचा, आणि त्यातला माणूस कुणीही असू शकला असता. मी म्हटलं, "फोटो नाका, वहिनी." वीस वर्षं मी त्याच्याकडे दारातून जळत बघत होतो. माती दाबताना डावा डोळा किती बारीक होतो, खालचा ओठ दाताखाली कसा जातो, सगळं पाठ होतं. आठ दिवसांत मेस्त उभा राहिला.

वहिनी आल्या आणि थेट पुतळ्यावरच ओरडल्या, "कितले खेपे सांगलें तुमकां, ओंठ चाबूं नाकात म्हूण!" मग रडायला लागल्या. मीही रडलो, कशासाठी, ते विचारू नका.

आता तो त्याच्याच चित्रशाळेच्या दारात असतो. पार पेडण्याहून आलेली माणसंही थबकतात आणि म्हणतात, "अरे, मेस्त!" कुणी केला, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही.