अंगठ्याएवढी सळई

जालना-भोकरदन एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. सळईच्या कारखान्यातला कामगार. हातभर ठिणग्यांचे डाग. मी पेपरात देशातल्या बांधकामाच्या भवितव्यावरचा लेख वाचत होतो आणि मला काडीचं कळत नव्हतं.

"भाऊ, पेपर कशाला? आम्हाला इचारा," तो म्हणाला. "आधी करंगळीएवढी सळई काढायचो, घराच्या स्लॅबची. आता दिवसभर अंगठ्यापेक्षा जाड निघून राह्यली. म्हंजे देशात पूल बांधून राह्यले."

केदारखेड्याच्या अलीकडे बस नव्या पुलावर चढली. तो ताठ बसला. त्यात त्याचीच सळई होती की नाही, कोण जाणे. पूल संपल्यावर त्यानं विचारलं,

"हादरला का?"

"बिलकुल नाही."

"मंग बराबर," म्हणत त्यानं निवांत डोळे मिटले. मी पेपर घडी करून ठेवला.