भावाची मूठ

राजापेठेत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. माझा मोठा भाऊ नांदगाव पेठेला कापड कारखान्यात गठ्ठे उचलायच्या कामावर होता. एका दुपारी वहिनीचा गुडघा दाखवायला तो तिला घेऊन आला, आणि पकड मोजायचं यंत्र त्याच्या नजरेस पडलं.

"हे काय होय?"

"मूठ आवळायची. हातात जोर किती, ते काटा सांगते."

तो हसला. "तुटलं तं मले बोलू नको."

त्यानं दात-ओठ खाऊन मूठ आवळली. मानेच्या शिरा फुगल्या. काटा मात्र थोडाच सरकला. त्याच्या वयाच्या पुरुषाची पकड साधारण किती असते, हे मला पाठ होतं; ही फारच कमी होती. पुन्हा करायला लावलं, तर आणखी कमी. डावा हात ठीक होता.

"बिगडलं तुह्यं यंत्र. तू दाबून पाय बरं."

मी दाबलं. काटा त्याच्या बराच पुढं गेला.

"बहिणीनं हरवलं तुमाले," वहिनी हसली.

मी त्याचा उजवा तळवा हातात घेतला. अंगठ्याजवळचं मांस खचलं होतं. मनगटाच्या वर कातडीखाली काहीतरी बारीक फडफडत होतं. माझा चेहरा पाहून वहिनी गुडघा धरत उठून जवळ आली.

"कवापासून हाय हे?"

"सकाळी शर्टाची बटनं लागत नाही. हे लावून देते मले," तो वहिनीकडे पाहत म्हणाला. "वाटलं, थंडीनं असंन."

नागपुरात तपासण्या झाल्या. स्नायूंना हलवणाऱ्या नसाच वाळत चालल्या होत्या, आणि त्यावर औषध नव्हतं. परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "कारखान्यात कोनाले सांगू नको." काही महिने सोबतच्यांनी त्याच्या वाट्याचे गठ्ठे उचलले. मग त्यानंच काम सोडलं.

तरी तो क्लिनिकवर यायचा. "मोज."

"काहून मोजायचं, भाऊ? त्यानं काही फरक पडत नाही."

"मालूम हाय मले. तरी मोज."

एके दिवशी काटा हललाच नाही. त्यानं डाव्या हातानं यंत्र माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "ठेवून दे." त्यानंतर त्यानं कधी मोजायला सांगितलं नाही.

आता मीच रोज त्याच्याकडे जाते. बोटं आखडू नयेत म्हणून एकेक धरून सरळ करते.

"दुखलं तं सांग," मी म्हणते.

तो छताकडे पाहत होकाराची मान हलवतो. दुखलं तरी सांगत मात्र नाही.