गुरामींना सोबत कोणाची

गिरधररावांना घरातली माणसं ओळखता येत नव्हती, तिथे मासे काय ओळखणार, असं कोकिळाचं मत होतं. वीस वर्षांच्या संसारात ते बदलावं लागेल असं काही गिरधररावांच्या हातून घडलं नव्हतं.

मासे मुळात त्यांचे नव्हतेच. कचेरीतले जुने साहेब नागपूरकडचे. छप्पन्न साली राज्यं नव्याने आखली गेली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, गिरधररावांचं बुऱ्हाणपूर इकडे हिंदी मुलखाच्या नव्या राज्यात राहिलं. साहेबांनी तिकडची नोकरी मागून घेतली आणि सामान बांधलं. माशांची काचेची पेटी ट्रकमध्ये टिकली नसती. "मी सांभाळतो, साहेब," असं म्हणून गिरधररावांनी ती आणली आणि सांभाळायला बायकोच्या हवाली केली. त्यांचं सांभाळणं नेहमी असंच असे.

पेटीत गुरामी जातीचे चार मासे होते. मधाच्या रंगाचे, बोटाच्या दोन पेरांएवढे. पोटाखाली दोन लांब दोरे. आंधळा काठीने वाट चाचपतो तसे ते पुढे करून हिंडायचे. मध्येच वर येऊन हवेचा एक घोट घ्यायचे आणि पुन्हा पाल्याआड. साहेबांच्या बायकोने जाताना बजावलं होतं, "हे लाजाळू आहेत. पाला दाट ठेव, काचेवर टकटक करू देऊ नकोस. आणि सोबत देशील ती बघून दे. दोरे कुरतडणारा नको, खाण्यावर झडप घालणारा नको."

तळाशी रेतीत तोंड खुपसून राहणारे दोन बारके मासे तेवढे त्यांच्यासोबत होते. कोणाच्या अध्यात ना मध्यात. कोकिळाने आधी नाक मुरडलं. सहा महिन्यांत तिला चारही गुरामी वेगवेगळे ओळखू येऊ लागले. डबक्यातल्या अळ्या गाळून ती त्यांना घालायची. नर पानाखाली फेसाचं घरटं बांधायला लागला की ती त्या खोलीत झाडू मारायची नाही. घरात कोणाच्या मर्जीला इतकं जपावं लागतं आणि तरी राग येत नाही, हे तिला नवीनच होतं.

नवे साहेब आले ते ग्वाल्हेरकडचे. त्यांच्याबरोबर तिकडचा एक कारकूनही आला, चतुर्वेदी. नवं राज्य चार जुन्या राज्यांचं जोडलेलं, त्या सगळ्यांचे कारकून ज्येष्ठतेच्या एकाच यादीत बसवायचं काम तेव्हा चाललं होतं, आणि चतुर्वेदी वर की गिरधरराव वर, हे साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. गिरधररावांनी साहेबांना रविवारी चहाला बोलावलं. मासे दाखवायला.

"पण हे दिसतच नाहीत," रविवारच्या आधी चार दिवस ते पेटीपुढे वाकून म्हणाले. "साहेब काय पाला बघायला येणार?"

त्यांनी पाला उपटला. मग राजघाटावरच्या सुकलाल भोयाकडून तापीतले सहा मासे मागवले, चमकदार, शेपटीजवळ काळा ठिपका असलेले. सुकलालने मडकं खाली ठेवलं, पेटीत डोकावून बघितलं आणि मान हलवली.

"वहिनी, हाऊ मासा ज्याले त्याले चावस. ह्या भितरट मासासमा नका टाकू."

"तू मासे पकड, अक्कल नको शिकवूस," गिरधरराव म्हणाले. "भित्र्यांत चार धीट टाकले की भित्रेही धीट होतात. आता सगळं एकत्र करायचे दिवस आहेत."

"एकत्र करणाऱ्याने आधी कोण कोणाला चावतं ते बघावं," कोकिळा म्हणाली.

"तुला राजकारण कळत नाही."

"मासे कळतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा एक दोरा मुळापासून तुटला होता. एका मादीच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. चौघं कोपऱ्यात काचेला चिकटून होते. हवा घ्यायला वर आले की ठिपकेवाले मागे लागत.

"काढा ते सहा," कोकिळा म्हणाली.

"रविवारपर्यंत दम धर."

"तोवर हे जगायला पाहिजेत ना!"

गिरधररावांनी टोपी घातली आणि ते कचेरीत गेले. कोकिळाने परसातला जुना रांजण घासला, पाणी भरलं, ऊन पडू दिलं. फेकलेला पाला उकिरड्यावरून उचलून धुतला. संध्याकाळी वाटीने एकेक गुरामी काढून रांजणात सोडला, ते दोन रेतीतले मासेही सोडले, वर लाकडी झाकण ठेवलं. भांडणाची तयारी करूनच ती स्वयंपाकाला लागली. गिरधरराव आले, पेटीपुढे उभे राहिले, "वा!" म्हणाले आणि जेवायला बसले.

रविवारी साहेब आले, मागोमाग सगळी कचेरी आली. साहेब भाविक.

"अरे वाह, घर बैठे तापी मैया! बहनजी, थोड़ा आटा मिलेगा?"

राजघाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालून पुण्य मिळवतात, ते आता बैठकीतच मिळू लागलं. साहेबांनी गोळी टाकली. सहा मासे तुटून पडले. साहेब खूश. मग बडे बाबूंनी टाकली. मग हुद्द्याप्रमाणे रांगच लागली.

गिरधरराव आणि चतुर्वेदी मात्र एकदमच पुढे सरसावले. दोघांच्याही चिमटीत गोळी. यादी अजून लागली नव्हती.

"आप लीजिए," चतुर्वेदी म्हणाला, पण हटला नाही.

"नहीं, पहले आप," गिरधरराव म्हणाले आणि कोपर पुढे घातलं.

दोन्ही गोळ्या एकदम पडल्या. बाकीचे लोक मान खाली घालून हसले. पाणी ताकासारखं झालं होतं.

गिरधरराव स्वयंपाकघरात आले. "आणखी कणीक मळ."

"राहिली ती रात्रीच्या पोळ्यांची आहे."

"मळ म्हणतो ना! पुण्याचं काम आहे."

"पुण्य कोणाच्या खाती? तेही यादी लागल्यावर ठरेल का?"

बाहेर साहेब म्हणत होते, "ऐसी चीज़ तो बंगले पर होनी चाहिए."

"साहब, आपकी ही है!" गिरधरराव तिथूनच ओरडले.

सोमवारी दोन शिपाई हातगाडी घेऊन आले आणि पेटी घेऊन गेले. गिरधरराव रस्त्यापर्यंत सोबत चालत गेले, मुलगी सासरी पाठवल्यासारखे.

"बघितलंस?" परत आल्यावर ते म्हणाले. "ते लाजरे मासेसुद्धा कसे कणकेवर तुटून पडले! माणूस असो की मासा, संगत चांगली पाहिजे."

कोकिळाने त्यांच्याकडे नीट बघितलं. ते थट्टा करत नव्हते. वर्षभर घरात असलेले चार जीव गेले की राहिले, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. भांडायला तिने जमवलेले सगळे शब्द वाया गेले.

"बघितलं," ती म्हणाली.

बंगल्यावर ते सहा मासे गुरुवारी उलटे झाले. साहेबांनी पेटीत कोथिंबीर लावली म्हणे.

यादी जूनमध्ये लागली. चतुर्वेदी सतरावा, गिरधरराव अठरावे. ते दुपारीच घरी आले आणि कपाळावर ओला पंचा ठेवून पडले. नव्या राज्यात मराठी माणसाला किंमत नाही, असं छताला सांगत राहिले.

कोकिळा परसात होती. एक दोरा तुटलेल्या नराने पानाखाली फेसाचं घरटं बांधलं होतं, आणि त्याखाली पापणीच्या केसाएवढी पिल्लं लोंबत होती. मोजायला गेली तर चुकत होती, म्हणून तिने मोजणं सोडलं.

"अगं, चहा टाक," गिरधरराव परसदारात येऊन उभे राहिले. "काय बघतेस एवढं रांजणात?"

"पाणी," ती म्हणाली आणि हळूच झाकण लावलं.