खळ्यातल्या उतारावरची गाडी

आमच्या गाडीतून तेल गळायला लागलं तेव्हा ते कुठून गळतं ते मी शोधून काढणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शंका घरातल्या बाकी सगळ्यांना होती. नवऱ्याने तर जाहीरच केलं होतं, महिनाअखेरपर्यंत गळती थांबली नाही तर भंगारवाल्याला बोलवायचं. गाडी म्हातारी झाली होती हे खरं. पण कर्जतजवळच्या आमच्या वाडीतून माझ्या खालापूरपलीकडच्या शाळेत वेळेवर पोहोचवेल अशी एसटी नाही. गाडी गेली की नोकरी गेली, आणि नोकरी सोडायला मी तयार नव्हते.

कर्जतच्या मेकॅनिकने इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. गळती तशीच. खालापूरचा म्हणाला, मागचं तेल अडवणारं रबरी सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. दोघांनीही वाकून जिथे ओलं दिसलं तिथे बोट ठेवलं होतं. तेल वाऱ्याने मागे उडतं, खाली ओघळतं. थेंब लोंबतो तिथूनच ते आलेलं असतं असं नाही. एवढं मला शाळामास्तरीण असूनही कळत होतं.

मग एका रविवारी मी डिझेल आणि जुना ब्रश घेऊन इंजिन घासलं, फडक्याने कोरडं केलं आणि सगळ्या सांध्यांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. सासरे ओटीवर बसून बघत होते.

"पावडर लावून कुनाच्या लग्नाला नेतेस गं तिला?"

मला हसू आलं, पण हात थांबवला नाही. टोलनाक्यापर्यंत जाऊन आले आणि बॅटरी मारून पाहिलं. वरचे सगळे सांधे पांढरेच्या पांढरे. फक्त मागच्या सीलखाली काळी ओली रेघ. म्हणजे खालापूरवाला बरोबर होता. मला त्याचा इतका राग आला की त्या दिवशी मी जेवलेही नीट नाही.

इंजिनातलं तेल मोजायची पट्टी खरं तर सगळ्यात आधी बघायची असते. मी ती सगळ्यात शेवटी पाहिली, सोमवारी पेट्रोल पंपावर हवा भरताना. तेल वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर होतं! महिनाभरात मी थेंबही ओतला नव्हता. तेल जास्त झालं की जुनं सील दाब सोसत नाही, बाहेर सोडतं, हे मला ठाऊक होतं. ओततंय कोण, ते ठाऊक नव्हतं.

मंगळवारी सकाळी डबा भरताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं. सासऱ्यांनी बॉनेट उघडलं, पट्टी काढली, टॉवेलने पुसली, पुन्हा घालून पाहिली आणि कॅनमधून पेलाभर तेल ओतलं.

गाडी तोंड वाटेकडे करून लावायची हा त्यांचा नियम. बैलगाडी होती तेव्हा तिचं जूही वाटेकडेच असायचं, निघताना खोळंबा नको म्हणून. आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, वाटेकडे उतरतं. उतारावर तेल पुढे सरकतं, आणि आमच्या गाडीची पट्टी इंजिनाच्या मागच्या अंगाला आहे. त्यांना ती रोज कोरडी दिसत होती.

मी तशीच बाहेर गेले. "बाबा, कधीपासून ओतताय?"

"पावसाळा सरला तवापासून. रोज कमीच दिसतंय. तू येकटी जातेस, वाटेत बंद पडली तर कोन हाय तिथं?"

मी गाडी खाली सपाट रस्त्यावर नेली, ते कॅन घेऊन मागोमाग आले. मी थोडा वेळ थांबले आणि पट्टी काढून त्यांच्यासमोर धरली. बरोबर असल्याच्या तोऱ्यात मी फाडकन बोलून गेले, "बघा, गाडी तुमच्यामुळं गळतेय."

ते पट्टीकडे बघत राहिले. मग कॅन तिथेच ठेवून वर गेले.

गॅरेजात जास्तीचं तेल काढून घेतलं. गाडीखाली पुठ्ठा अंथरला. तीन दिवसांत त्यावर एकच ठिपका पडला, तोही चण्याएवढा. नवऱ्याने भंगारवाल्याचं नाव काढणं सोडून दिलं. मी जिंकले होते, आणि ते मी सगळ्यांना ऐकवलंही. पण त्या तिन्ही सकाळी सासरे खळ्यात उतरले नाहीत. मी निघताना ते भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. मला फार वाईट वाटलं. लग्न होऊन मी आल्यापासून त्यांनी माझ्या नोकरीबद्दल बरं-वाईट एक अक्षर काढलं नव्हतं. आणि गाडी बघायला रोज माझ्याआधी उठत होते.

शनिवारी मी ओटीवर गेले. "बाबा, पट्टी बघता का?"

"आता काय बघायचं? तुजं बराबर निघालं. माजं काय काम?"

मी गाडी सपाटीवर नेऊन उभी केली, बॉनेट उघडलं आणि तशीच थांबले. शाळेला उशीर होत होता. पहिल्यांदाच उशीर होऊ दिला. बऱ्याच वेळाने ते टॉवेल खांद्यावर टाकून, अनवाणीच, रस्त्यापर्यंत आले.