परसातला हंडा

मी शेजाऱ्याच्या संडासात पडलो. भर दुपारी, हातात पहार घेऊन, आणि मीच उठवलेल्या अफवेवर माझाच विश्वास बसल्यामुळं. पडलो म्हणजे नुसता पाय घसरला असं नव्हे, कमरेपर्यंत आत गेलो. तो संडास आहे हेसुद्धा मला आत गेल्यावरच कळलं. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत पवनेकाठच्या आमच्या गावात कुणाच्या घरी संडास असू शकतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. गाव पाणंदीला जायचं.

पाणंद म्हणजे शेताकडं जाणारी, दोन्ही अंगांना निवडुंग माजलेली वाट. बायकांची ओढ्याकडं, गड्यांची देहूरोडच्या गाडीवाटेला लागून. दिवस उगवायच्या सुमाराला गडी टमरेल घेऊन तिथं ओळीनं बसायचे आणि बसल्या बसल्या गावाचा कारभार हाकायचे. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस आटली, कुणाची जमीन त्या नव्या औषधाच्या कारखान्यात गेली आणि आता त्याची बायको कशी मान ताठ करून चालते, सगळं तिथं ठरायचं. गावात चावडी होती, पार होता, पण तिथं माणूस जरा तोंड सांभाळून बोले. पाणंदीत सगळंच मोकळं. आज आठवलं तरी किळस येते. वासाची नव्हे, वासाची सवय होती. किळस येते ती अशासाठी की तसल्या जागी उकिडवे बसून आम्ही दुसऱ्याच्या घराला नाकं मुरडत होतो.

या सभेचे कायमचे अध्यक्ष म्हणजे एक आबा. तंबाखूनं काळे पडलेले दात, आणि बोलताना तोंडातून उडणारी थुंकी चुकवायला शेजारचा माणूस बसल्या जागी सरकायचा. तेवढं सोडलं तर देवमाणूस, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

आमच्या घराला भिंत लागून एक सुतार राहायचा. देहूरोडच्या लष्करी डेपोत खोकी ठोकायला जायचा, सायकलनं. माझ्याहून थोडा मोठा आणि फार कमी बोलणारा. त्याची बायको चाकणकडची. पहिलं मूल बाळंतपणातच गेलं, तेव्हापासून ती वाळतच चालली होती. तर बायकांनी पाणंदीला जायचं ते पहाटे किंवा दिवेलागणीला, आणि घोळक्यानं, अशी रीत. ही मात्र भर दुपारी, एकटी, पदर ओढून ओढ्याकडं लगबगीनं जाताना दिसायची. कधी कधी दोनदा. गावाला एवढं पुरलं.

"टमरेल घिऊन जाती खरं," आबा म्हणाले, "पन टमरेल काय, कुनी बी घेतं. म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय. बाभळीच्या आड गडी हुता."

"कोन हुता, आबा?"

"पाठमोरा हुता."

तो गडी महिनाभर पाठमोराच राहिला. पण पाठमोरा असूनही त्याला हळूहळू मिशा फुटल्या, डोक्याला जरीचा फेटा आला, मग चिंचवड स्टेशनावर कंत्राटदाराकडं मुकादमीसुद्धा मिळाली. मी काय करत होतो? हसत होतो. "आबा, त्याला एकदा तोंड वळवायला सांगा की," असं म्हणून मी सगळ्या ओळीला हसवलंही होतं, आणि आपण फार विनोदी आहोत असं वाटून दिवसभर खुशीत होतो. तिकडं सुताराच्या चुलत्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, थेरगावची जत्रा होऊ दे, मग भावकी बसवू, बायकोला माहेरी घालव आणि काडीमोड घे. भिंत एकच असल्यानं ते मला घरात बसून ऐकू आलं. आतून बांगड्यांचा तेवढा आवाज आला आणि थांबला.

त्यानंतर लगेचच सुतारानं परसात खणायला घेतलं. कामावरून आला की तरटाच्या आडोशाला कुदळ चालायची. माती पाटीनं उचलून तो स्वतःच मागच्या रानात टाकून यायचा. मी कुंपणावरून विचारलं, "काय चाललंय, भाऊ?"

"न्हानीचं पानी मुरवाया खड्डा घेतोय," तो म्हणाला आणि पुन्हा वाकला.

मला ते पटलं. पण पटलेली गोष्ट पाणंदीत नेऊन करायचं काय? न्हाणीच्या पाण्याकडं कोण मान वळवणार? मी मॅट्रिकला गटांगळी खाल्लेला, कारखान्याच्या बांधकामावर मजुरांची हजेरी घेणारा पोरगा. पाणंदीत माझ्याकडं लक्ष जायचं ते मी कुणाच्या फार जवळ बसलो तरच. आणि त्या दिवसांत आमच्या भागात जिथं तिथं पाये खणत होते. कुण्या मजुराला चांदीचे रुपये सापडले, कुणाला सोन्याची पुतळी, असं रोज कानावर यायचं. तेव्हा सकाळी मी टमरेल टेकवलं आणि सहज म्हणालो, "सुताराला हंडा घावलाय, राव."

अख्ख्या ओळीच्या माना माझ्याकडं वळल्या. आबांच्या तोंडातली तंबाखूसुद्धा फिरायची थांबली.

"कशाचा?"

"तांब्याचा. तोंडाला शिसं वतलंय."

हे शिसं मला बसल्या जागी सुचलं. त्याचा मला आजही थोडा अभिमान आहे.

संध्याकाळी ही बातमी माझ्याच घरी आईच्या तोंडून परत आली. येताना एकाचे तीन हंडे झाले होते आणि वर एक नाग बसला होता. मी हसून म्हणालो, "अगं, ते मीच सांगितलंय सकाळी."

आईनं भाकरी थापायची थांबवली. "तू सांगितलंस व्हय? मग तुला दावला का त्यानं?"

इथून माझं डोकं फिरलं. कारण पुढं एकेक गोष्ट जुळायला लागली. सुतारानं खड्ड्याभोवती डेपोतले टाकाऊ पत्रे उभे केले. त्याला दार केलं, दाराला कडी लावली. न्हाणीच्या पाण्याला दार कशाला? आणि त्याची बायको दुपारची ओढ्याकडं जायचीच बंद झाली. पहाटेच्या घोळक्यातही दिसेना. "राखन करतीय," पाणंदीनं निकाल दिला. कुणीतरी म्हणालं, मग तो बाभळीआडचा गडी काय झाला? आबा म्हणाले, "त्योच तर मांत्रिक. त्यानंच जागा दावली." म्हणजे आता ती बदफैली होतीच, वर श्रीमंत झाली. दोन्ही गोष्टींचा राग एकदम यायला लागल्यावर माणसं किती घाण तोंडानं बोलतात, ते मी इथं लिहीत नाही. मी त्यात माना डोलवत होतो हे मात्र लिहितो. तो हंडा मी घडवला होता, शिसं मी ओतलं होतं. पण अख्खं गाव इतक्या खात्रीनं बोलत होतं की मला वाटायला लागलं, माझ्या तोंडून नकळत खरं तर गेलं नसेल?

जत्रेच्या दिवशी गाव कुस्त्या बघायला थेरगावला लोटलं. सुतार मात्र पहाटेच बायकोला सायकलवर घालून चिंचवड स्टेशनकडं गेला होता. पुण्याला. "सराफाकडं," असं सगळं गाव म्हणालं. दुसऱ्या दिवशी भावकी बसायची होती. एकदा ती तिच्या माहेरी गेली की हंडा कुठं जाईल याचा काय भरवसा? मी आईला सांगितलं, पोटात दुखतंय, जत्रेला येत नाही. गाव रिकामं झाल्यावर पहार घेतली आणि कुंपण ओलांडलं.

मला त्या दिवशी सडकून पडसं झालं होतं, ही एक बाजू सांगून ठेवतो.

दार उघडलं. आत शहाबादी फरशी. फरशीला मधोमध भोक, त्यावर मूठ लावलेलं सुबक लाकडी झाकण. दोन्ही बाजूंना एकेक वीट. कोपऱ्यात राखेचा ढीग आणि टमरेल. आजचं शाळकरी पोरही एका नजरेत ओळखेल. मी त्या टमरेलाकडं पाहिलं आणि मला वाटलं, मोहरा मापायला ठेवलं असेल. फरशीच्या कडेखाली पहार घातली आणि सगळा भार टाकला. फरशी उचलली. मग ती एका बाजूला कलली, आणि तिच्याबरोबर मीही.

पुढचं वर्णन करत नाही. नाक चोंदलेलं होतं तेही त्या क्षणी मोकळं झालं, एवढं सांगतो. मी जीव खाऊन ओरडलो. गावात कुणी नाही, कोण येणार, या भीतीनं आणखी ओरडलो. तर पत्र्याच्या वर डोकी दिसली. एक, दोन, मग आबांचं. गावातली चांगली वजनदार माणसं, कुस्त्या सोडून मागं राहिलेली. एकाच्या हातात कुदळ होती, एकाच्या खांद्यावर घमेलं. सगळ्यांनी धोतराचा सोगा नाकाला लावला. कुणी हात पुढं केला नाही. आबांनी खाली वाकून मला निरखून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"हाताला काय लागलं का रं?"

"आबा, मला वर काढा!"

"काढतो की. पन खाली पायानं चाचपून बघ. भांडं लागतंय का?"

आणि मी चाचपलं! हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी खरोखर पायानं चाचपून बघितलं.

असा बराच वेळ गेला. दोघं म्हणाले, दोर आणा. तिसरा म्हणाला, दोर विहिरीचा, तो बाटेल. मग दोर बाटतो का आणि बाटला तर नवा कुणी द्यायचा यावर वाद पेटला. एवढ्यात दाराशी सायकल वाजली. सुतार आला होता. त्यानं आत पाहिलं, सगळ्यांच्या हातांकडं पाहिलं. मग घरातून बाजेचा सोल सोडून आणला, तो दोर माझ्या काखेत अडकवला, खड्ड्याच्या कडेला पालथा पडून माझं मनगट धरलं आणि मला वर ओढलं. मला शिवणारा त्या दिवशी तो एकटाच. परसातल्या हौदाचं पाणी त्यानं बादलीनं माझ्या अंगावर मारलं, गुराला धुवावं तसं. मग बादली खाली ठेवून तो त्या डोक्यांकडं वळला.

"पुन्याला दवाखान्यात नेली हुती हिला. आव हाय. मूल गेल्यापासनं पोट थांबत न्हाई तिचं. भर दुपारचं रानात पळावं लागायचं, त्ये तुमी बघितलंत. म्हनून हे बांदलं. सांगितलं असतं तर घरात घान केली म्हनून बोंबलला असता, म्हनून न्हाई सांगितलं. आता उद्या भावकी बसवा. अन् इचारा सगळ्यांसमोर, बाभळीआड कोन हुता."

आबांनी कुदळ पाठीमागं धरली. "म्या तर जत्रंला निघालो हुतो," ते म्हणाले.

ती उंबऱ्यात बसली होती, हातात औषधाची बाटली. पदर तोंडावर नव्हता. पहिल्यांदाच मी तिचं तोंड नीट पाहिलं. रडत नव्हती. आपण एखाद्या कुजलेल्या गोष्टीकडं बघतो तसं ती आमच्याकडं बघत होती, आणि नाक तिनं झाकलं नव्हतं.

भावकी बसली नाही. काडीमोडाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मला वाटलं, आता पाणंद लाजेल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कान देऊन बसलो. आबा म्हणाले, "म्या तर पयल्यापासनं म्हनत हुतो, पोरगी आजारी दिसती." ओळीनं हुंकार भरला. पाठमोरा गडी, त्याच्या मिशा, फेटा, मुकादमी, सगळं हवेत विरून गेलं, कुणी त्याला उभा केलाच नव्हता जणू. मग एकजण खाकरला. "पन घरात हागायचं म्हंजे..." झालं. दिवस वर यायच्या आत ठरलं की त्या घरचं पाणी प्यायचं नाही. त्यांचा खड्डा विहिरीत पाझरतो असंही निघालं, विहीर पार गावाच्या दुसऱ्या टोकाला असताना. बायकांनी तिला पाणवठ्यावर बाजूला उभं करायला सुरुवात केली. हे सगळं ठरवणारे कुठं बसले होते ते मी सांगितलंच आहे.

त्या पाणंदीत पुन्हा जाणं मला जमलं नाही. मी लांब नदीकडं एकटा जायला लागलो. तर महिन्याभरात आईनं विचारलं, "नदीला कुनाला भेटाया जातोस रं?"

सुतारानं डेपोजवळ देहूरोडला खोली बघितली. बैलगाडी दारात लागली तेव्हा मी गेलो. दुसरं कुणी आलं नव्हतं, म्हणजे पत्र्याच्या, भिंतीच्या, झाडाच्या आड सगळे होतेच. तिच्या अंगावर जरा मांस दिसत होतं, औषध लागू पडलं असावं. ट्रंक गाडीत गेली, भांडी गेली. मला काहीतरी बोलायचं होतं. पाणंदीत इतकं सुचायचं, तिथं काहीच सुचेना. म्हणून उंबऱ्यावरचं अंथरुणाचं गाठोडं उचलायला वाकलो.

आजवर ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. आता मात्र ती पुढं झाली आणि सगळ्या आडोशांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"भावजी, तुमी हात नका लावू. गोधड्या कालच धुतल्यात."