आजोबांची मूठ

आजोबांचं रिव्हॉल्व्हर आमच्या घरी कमी आणि पोलीस ठाण्यात जास्त राहिलं असेल. नव्वदच्या दशकात निवडणुका अशा एकामागून एक आल्या, की आज जमा करा, चार महिन्यांनी परत आणा, आणून तेलपाणी करतोय तोवर पुन्हा जमा करा. अव्वा, म्हणजे माझी आई, त्याला माहेरवाशीण म्हणायची. माझे वडील, अप्पा, ते घेऊन दारात आले की विचारायची, "आली व्हय? आता किती दिस ऱ्हाणार हाय?"

आजोबा गारगोटीकडचे गुळाचे व्यापारी. माल विकून कोल्हापूरहून परतताना रात्रीबेरात्रीची वाट, म्हणून कमरेला हे हत्यार. अप्पा नऊ वर्षांचे असताना आजोबा गेले. मग ते चुलत आजोबांच्या नावावर होतं, आणि शेवटी अप्पांकडे आलं. सोबत आजोबांच्या गोष्टीही आल्या. त्यातली मुख्य गोष्ट हाताची. "माझ्या बाचा पंजा म्हंजे सूप," अप्पा सांगायचे. "ह्यो माझा हात त्येच्यात हरवायचा." सांगताना स्वतःचा हात पसरायचे, आणि तोही काही लहान नव्हता. तालमीत घडलेला हात तो.

गंमत अशी की रिव्हॉल्व्हरची मूठ होती एवढीशी. मूळची लाकडी, आखूड, सडपातळ, बारीक नक्षी कोरलेली आणि एका बाजूला वापरून गुळगुळीत झालेली. अप्पांची दोन बोटं कशीबशी मावायची आणि करंगळी खाली हवेत लोंबायची. नेमबाजीच्या क्लबातले दोस्त विचारायचे, "अप्पा, करंगळी कुणाला दावताय? जायचं आसंल तर जाऊन या की." त्यातही चापाभोवतीची लोखंडी कडी आणि मूठ यांच्यामध्ये मोकळी जागा होती. बार उडाला की हत्यार हातात उसळायचं आणि ती कडी मधल्या बोटाच्या पेरावर टणकन बसायची. ते पेर कायम सुजलेलं असायचं.

एवढ्या सुपाएवढ्या पंजात ही मूठ कशी बसत होती, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला कधी पडला नाही. मलाही नाही.

बंदुकांच्या दुकानदाराने सांगितलं, लाकूड काढून जाड रबरी मूठ बसवा. अप्पा भडकले. "बाचा हात लागल्यालं लाकूड काढलं, मग ऱ्हायलं काय? नुसतं लोखंड." मूठ बदलायची नाही आणि नेम तर लागत नाही, कागदावरच्या मधल्या काळ्या वर्तुळात गोळी बसत नाही. शेवटी एकदा वैतागून त्यांनी जेवताना जाहीर केलं, "औंदा दसऱ्याला सहातल्या चार काळ्यात बसल्या न्हाईत, तर दुकानात देऊन टाकतो. शोभेला कशाला ठेवायचं?"

मी कॉलेजात असल्यापासून क्लबात एअर पिस्तूल मारायचे, बरी मारायचे. ते रिव्हॉल्व्हर पुढेमागे माझ्याकडे यावं असं मला फार वाटायचं. पण अप्पांनी मला ते कधी हातात दिलं नव्हतं आणि मागायला माझी जीभ रेटत नव्हती. अप्पा शब्दाचे पक्के. बोलले म्हणजे देणार.

तोडगा निघाला तो चपलांच्या दुकानात. अप्पांच्या चपला शिवणारे काका पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ ओढायचे आणि मापाची चप्पल करायचे. त्या दिवशी त्यांनी पाय राहू दिला आणि सुजलेलं बोट धरलं. "ह्ये काय झालंय?" अप्पांनी सगळं सांगितलं. काका म्हणाले, "चप्पल चावली तर आम्ही पाय तासत न्हाय. मधी जागा हाय न्हवं? ती भरून काढू."

हत्यार रस्त्यावर न्यायचं नाही, म्हणून सोमवारी काकाच घरी आले. अप्पांनी गोळ्या काढल्या, चक्र उघडून दाखवलं. काकांनी अव्वाकडे चपातीची कणीक मागितली. त्या मोकळ्या जागेत गोळा दाबला, अप्पांना मूठ आवळायला लावली, आणि बोटांचे ठसे उठलेला तो गोळा अलगद काढून डब्यात ठेवला. अव्वा म्हणाली, "चपात्या कमी पडल्या तर माझ्या नावानं बोंबलू नगासा."

आठवड्याने त्याच आकाराची कातड्याची गुंडी आली. तीन थर शिवलेले, आणि मुठीला बांधायला पातळ वादी. लाकडाला ओरखडासुद्धा नाही. करंगळीला टेकू मिळाला, कडी बोटावर आदळायची थांबली. सरावात चार बसल्या, एकदा तर पाच. अप्पा घरात शिट्टी वाजवत फिरायला लागले. मी मनातल्या मनात काकांच्या पाया पडले.

खंडेनवमीला कोयता, तराजू, अव्वाचं शिलाई मशीन आणि रिव्हॉल्व्हर अशी पूजा मांडली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, क्लबात जुन्या हत्यारांची फेरी असायची. बक्षीस नारळाचं. नियम एकच, सहा गोळ्या हत्याराच्या, माणसाच्या नाहीत. दमला तर घरातल्या दुसऱ्या कुणी मारावं.

अप्पांची पहिली गोळी मातीच्या बांधात गेली. दुसरी त्याहून वर. अप्पांनी हात उघडून बघितला, मग वास घेतला. आणि सावकाश मान वळवून अव्वाकडे पाहिलं.

"त्याल लावलंस?"

"नवं कातडं हाय," अव्वा म्हणाली. "चावतंय न्हवं? रातभर खोबरेल तेलात भिजवून सकाळी पुसलं की."

कोल्हापुरात नवी चप्पल आणली की हेच करतात. तिचं काय चुकलं? क्लबातले लोक पोट धरून हसले, मला मात्र रडू येत होतं. अप्पांनी वादी सोडली, गुंडी खिशात टाकली, मूठ धोतराने कोरडी केली आणि तिसरी मारली. कडी पेरावर बसली, कातडी फुटून रक्त आलं, गोळी काळ्याच्या बाहेर. आता चार बसणं शक्यच नव्हतं.

"ऱ्हायल्याल्या मी मारतो, अप्पा," मी म्हणाले. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हत्यार माझ्या हातात ठेवलं.

आणि ती मूठ बसली. तिन्ही बोटं, करंगळीसकट. लाकूड जिथे झिजलं होतं, तिथेच माझा तळवा टेकला. चौथी काळ्यात. पाचवी काळ्यात. सहावी रेषेवर, पण पंचांनी दिली.

अप्पा कागद बघायला गेलेच नाहीत. मी चक्र रिकामं करून दाखवल्यावर म्हणाले, "पुन्यांदा धर." मी धरलं. त्यांनी माझ्या बोटांवर आपला रक्ताळलेला हात ठेवला. माझी मूठ त्यात पूर्ण दिसेनाशी झाली.

"एवढासाच होता की माझा बा," ते म्हणाले. "मी नऊ वर्साचा हुतो. मला सूपच दिसणार."

अव्वाने पदराने त्यांचं बोट बांधलं.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर मी भीत भीत विचारलं, "मग, दुकानात कधी देणार?"

"कशाला?"

"तीनच बसल्या. तुम्ही चार म्हनलेलासा."

"मी माझं म्हनलोतो," अप्पा म्हणाले. "बाच्या हाताचं न्हवं." आणि खिशातली ती तेलकट गुंडी काढून त्यांनी अव्वासमोर ठेवली. "ही घे. माझ्या चपलांस्नीबी लाव त्याल. त्या चावत्यात."

पुढच्या आठवड्यात त्यांनी परवान्याचा अर्ज आणला, माझ्या नावाचा.